वरसावे नाक्यावरून हृदयाचा धोका मोजताना

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज आपण वरसाव्याला जमलोय, तेव्हा सुरुवात इथल्या नाक्यापासूनच करू. या नाक्यावरून तीन वाटा फुटतात. खाडीपूल ओलांडला की ससूनवघर, मालजीपाडा आणि पुढे वसई. उलट दिशेला काशिमीरा, दहिसर, बोरिवली. आणि तिसरी घोडबंदरची वाट, काजूपाडा, चेणे, गायमुखचा घाट करत ठाण्याला जाणारी. आता समजा, रात्री साडेआठ वाजता तुमच्या घरातल्या माणसाच्या छातीत कळ आली. कुठल्या वाटेने निघाल?

तुम्ही म्हणाल, जिथे मोठं हॉस्पिटल आहे तिकडे. आमचं आजचं सगळं बोलणं या उत्तराबद्दल आहे. कारण धोका किती आहे हे ठरवल्याशिवाय वाट ठरवता येत नाही, आणि धोका मोजायच्या ज्या पद्धती आम्ही डॉक्टर मंडळी वापरतो, त्यांत हा नाका कुठेच लिहिलेला नाही.

आधी नावाचं बघू. अक्यूट कोरोनरी सिंड्रोम. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या ज्या करोनरी रक्तवाहिन्या, त्यांच्या आतल्या थराला चीर पडते, तिथे रक्ताची गुठळी जमते आणि रक्तप्रवाह अचानक कमी होतो किंवा थांबतो. गुठळीने वाहिनी पूर्ण बंद केली तर ईसीजीमध्ये बहुतेक वेळा एसटी नावाचा भाग वर उचललेला दिसतो. त्याला आम्ही ‘स्टेमी’ म्हणतो. अर्धवट बंद असेल तर एसटी उचललेला नसतो, पण स्नायूला इजा झाल्याचं रक्तातल्या ट्रोपोनिनवरून कळतं. तो ‘नॉन-स्टेमी’. आणि इजा झालेली नाही पण कधीही होईल अशी अवस्था म्हणजे अनस्टेबल अँजायना. तिन्ही एकाच घरातली भावंडं.

म्हणून पहिलं काम ईसीजी. डॉक्टरांपर्यंत पोचल्यापासून १० मिनिटांच्या आत तो निघाला पाहिजे, असं जगभरच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. स्टेमी दिसला तर गुणांची बेरीज करत बसायचं नसतं. वाहिनी उघडायची, बस्स. ती कशी आणि कुठे उघडायची, तिकडे आपण शेवटी येऊ, कारण तिथेच हा नाका आडवा येतो.

गुणांची खरी गरज लागते ती ईसीजी तितका स्पष्ट बोलत नाही तेव्हा. दवाखान्याच्या बाकावर दोन माणसं बसलीत. दोघांनाही बरं वाटत नाहीये. आधी कोणाला हलवायचं?

इथे एक जुनी गोष्ट सांगतो. १९६७ साली न्यूयॉर्कच्या थॉमस किलिप आणि जॉन किम्बॉल या डॉक्टरांनी हार्ट अटॅकच्या २५० रुग्णांची माहिती छापली. त्यांनी रुग्णांचे चार वर्ग केले आणि त्यासाठी मुख्यतः वापरला स्टेथोस्कोप. फुप्फुसं स्वच्छ ऐकू येतात, तो पहिला वर्ग. फुप्फुसांच्या तळाशी बारीक चरचर ऐकू येते, तो दुसरा. फुप्फुसांत पाणी भरलंय, तो तिसरा. आणि बीपी कोसळलंय, हातपाय गार पडलेत, तो चौथा. मृत्यूचं प्रमाण पहिल्या वर्गात ६ टक्के, दुसऱ्यात १७, तिसऱ्यात ३८ आणि चौथ्यात ८१ टक्के. आजचे आकडे याहून पुष्कळ कमी आहेत, कारण तेव्हा गुठळी विरघळवणारी औषधं रोजच्या वापरात नव्हती आणि अँजिओप्लास्टीही नव्हती. पण चढता क्रम तोच राहिलाय. जवळजवळ ६० वर्षं झाली, तरी ही वर्गवारी टिकून आहे.

आज जी मोजणी सर्वांत जास्त वापरली जाते ती ‘ग्रेस’. २००३ साली ११,३८९ रुग्णांच्या नोंदींवरून ती तयार झाली. आठ गोष्टी बघतात: वय, नाडी, वरचं बीपी, किलिपचा वर्ग, क्रिएटिनिन, ईसीजीतला एसटीचा बदल, ट्रोपोनिनसारख्या तपासणीत वाढ, आणि येतानाच हृदय बंद पडलं होतं का. प्रत्येकाचे गुण. रुग्णालयात असताना मृत्यूचा धोका बघायचा तर नॉन-स्टेमी गटात बेरीज १०८ पर्यंत कमी धोका, १०९ ते १४० मध्यम, १४० च्या वर जास्त.

आता दोन पेशंट घेऊ. दोघंही आम्ही आजच्यासाठी रचलेत, खऱ्यात कोणी शोधू नका.

पहिले टेम्पोवाले काका. वय ५२. विडी आहे, डायबेटिस आहे, बीपीची गोळी कधी घेतात कधी नाही. दुपारपासून दोनदा छाती भरून आली, डावा हात जड झाला. दुसऱ्या आजी. वय ७६, डायबेटिस जुना. छातीत काही दुखत नाही. ‘जरा दम लागतोय, दोन दिवस जेवण जात नाही,’ एवढीच तक्रार. घरचे म्हणतात, वय झालंय, अशक्तपणा असेल, एक सलाइन लावा.

नाक्यावरच्या कुठल्याही दहा माणसांना विचारा, गंभीर कोण? दहाही जण काकांकडे बोट दाखवतील. आता मोजू या.

आजींचं वय सत्तरीतलं, ७५ गुण. नाडी ११२, त्याचे २४. बीपी ९८, त्याचे ५३. फुप्फुसांच्या तळाशी चरचर, म्हणजे किलिप दुसरा वर्ग, २० गुण. बेरीज करा. १७२! अजून ईसीजी काढलेला नाही, रक्ताचा थेंब घेतलेला नाही, आणि आजी १४० ची रेघ ओलांडून बसल्यात. घड्याळ, बीपीचं मशीन आणि स्टेथोस्कोप, एवढंच लागलं. हे तिन्ही गल्लीतल्या दवाखान्यात असतं. पुढे ईसीजीत एसटी खाली गेलेला निघाला, २८ गुण. क्रिएटिनिन १.४, त्याचे १०. ट्रोपोनिन वाढलेलं, १४. एकूण २२४.

एक सांगून ठेवतो, हा हिशेब ‘हार्ट अटॅक असावा’ असा संशय आल्यावरचा आहे. ग्रेस निदान करत नाही. न्यूमोनियाच्या पेशंटचीही नाडी वाढते. आजींच्या बाबतीत खरी अडचण ही की संशयच येत नाही, कारण छातीत दुखत नाही. ग्रेसच्या नोंदींत छातीत न दुखता आलेले ८.४ टक्के रुग्ण होते. त्यांच्यातलं रुग्णालयातलं मृत्यूचं प्रमाण १३ टक्के होतं आणि छातीत दुखत आलेल्यांचं ४.३. न दुखणारा अटॅक सौम्य असतो, हा समज डोक्यातून काढून टाका. तो ओळखायला उशीर होतो. डायबेटिस असलेले, वयस्कर आणि बायका यांच्यात हे जास्त दिसतं. आणि आपल्याकडे घरातली बाई स्वतःचं दुखणं स्वयंपाक आटपेपर्यंत सांगत नाही, ते वेगळंच.

आता काका. वय पन्नाशीतलं, ४१ गुण. नाडी ८८, त्याचे ९. बीपी १५०, त्याचे २४. फुप्फुसं स्वच्छ, शून्य. क्रिएटिनिन १.०, त्याचे ७. बेरीज ८१. ईसीजी ठीक. बरं, ट्रोपोनिन वाढलेलं निघालं तरी १४ च मिळतात, म्हणजे ९५. तरीही ‘कमी धोका’!

म्हणजे काकांना घरी पाठवायचं? मुळीच नाही. ट्रोपोनिन वाढलंय आणि लक्षणं जुळतायत, तर तो अटॅक आहे. त्यांना दाखल करायचं, औषधं सुरू करायची आणि अँजिओग्राफी लवकर करायची. आजच्या मार्गदर्शक सूचनाही हेच म्हणतात, की नॉन-स्टेमी पक्का झाला तर बेरीज कमी आली म्हणून थांबू नका. मग बेरीज कमी का आली? कारण ग्रेस एकच प्रश्न विचारते, हा माणूस दगावण्याची शक्यता किती? वयाला ती फार वजन देते. हेच काका ७२ वर्षांचे असते तर ३४ गुण वाढले असते.

आणि आपल्याकडे गोम इथेच आहे. इंटरहार्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक आला तेव्हाचं सरासरी वय ५३ होतं, इतर देशांत ५८.८. म्हणजे आपला माणूस जवळजवळ सहा वर्षं आधी आजारी पडतो. ग्रेसची नोंद सुरू झाली तेव्हाच्या १४ देशांत भारत नव्हता. मोजपट्टी वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही, आम्हीही रोज वापरतो. पण ५२ व्या वर्षी वयाचे गुण कमी मिळाले म्हणून काकांची वाहिनी स्वच्छ होत नाही, हे कोणीतरी बोलायला हवं. घरातला कमावता माणूस बहुधा याच ‘कमी धोक्याच्या’ रांगेत उभा असतो.

याच्या उलटही एक गंमत आहे. स्टेमीसाठी २००० साली आलेल्या ‘टिमी’ मोजणीत ६७ किलोपेक्षा कमी वजन असेल तर एक गुण जास्त धरतात. परदेशात तेवढं वजन म्हणजे बारीक, अशक्त माणूस. आपल्या ओपीडीत काटा ठेवा, निम्मी रांग तो गुण घेऊन जाईल.

त्याच टिमी मोजणीत आणखी एक गुण आहे, तो मात्र आमच्या आवडीचा. उपचाराला चार तासांपेक्षा जास्त उशीर झाला असेल तर एक गुण. उशीर हाही धोका म्हणून मोजला गेला, ही चांगली गोष्ट. पण १४ पैकी एकच!

नॉन-स्टेमीसाठीची टिमी वेगळी. सात प्रश्न, प्रत्येकाला एक गुण. काकांना तीन जोखमीच्या सवयी-आजारांबद्दल एक आणि २४ तासांत दोनदा दुखल्याबद्दल एक, असे दोन मिळतात. मूळ अभ्यासात दोन गुणवाल्यांपैकी ८.३ टक्के लोकांना १४ दिवसांत मृत्यू, नवा अटॅक किंवा तातडीची अँजिओप्लास्टी वा बायपास, यांपैकी काहीतरी झालं होतं. तीन गुण झाले की १३.२ टक्के. ट्रोपोनिन वाढलं की काका दोनावरून तीनावर जातात. म्हणजे संध्याकाळची बेरीज रात्री बदलते. बेरीज पुन्हा मांडावी लागते, आणि हे आम्ही स्वतः ठेच लागून शिकलोय.

बऱ्याच वर्षांपूर्वीचं. आम्ही तेव्हा नवे होतो, हॉस्पिटलचं नाव राहू दे. चाळिशीचा एक गृहस्थ रात्री आला, छातीत जळजळ सांगत. ईसीजी काढला, चांगला होता. ट्रोपोनिन केलं, निगेटिव्ह. दुखणं सुरू होऊन जेमतेम तास झाला होता. पित्ताचं औषध दिलं, त्याला बरं वाटलं, घरी सोडला. पहाटे चारला परत आला तो बायकोच्या खांद्यावर रेलून, घामाने भिजलेला, आणि ईसीजी असा की कंपाउंडरनेही ओळखावा. वाचला तो. पण हृदयाचा पंप कायमचा कमजोर झाला. चूक ट्रोपोनिनची नव्हती. स्नायूला इजा झाल्यावर ते रक्तात दिसायला वेळ लागतो. आम्ही एकदाच विचारून उत्तर पक्कं धरलं. आज अतिसंवेदनशील ट्रोपोनिन एक ते तीन तासांच्या अंतराने पुन्हा करतात, साधं असेल तर त्याहून जास्त थांबून. दुखत असेल तोवर ईसीजीही दर १५–३० मिनिटांनी. तुमच्या माणसाला ‘पहिला रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून कोणी सोडत असेल तर दुसरा कधी, हे विचारा. भांडू नका, नुसतं विचारा.

काही पेशंट असे असतात की त्यांना मोजणीच लागत नाही. बीपी कोसळतंय, औषध देऊनही कळ थांबत नाही, दम वाढतोय, हृदयाचे ठोके बेताल होतायत. अशांना दोन तासांच्या आत कॅथलॅबमध्ये न्यायचं. इथे कागद-पेन्सिल खाली ठेवा.

आता ठरल्याप्रमाणे रस्त्याकडे येऊ.

भारतात या विषयावरची मोठी नोंद म्हणजे ‘क्रिएट’. ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांत आलेले २०,४६८ रुग्ण, २००८ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेली. त्यांतले ६० टक्क्यांहून जास्त स्टेमीचे होते. दुखायला लागल्यापासून रुग्णालय गाठेपर्यंतचा मध्यक वेळ किती? ३६० मिनिटं. सहा तास! आत आल्यावर गुठळीचं औषध मिळायला ५० मिनिटं. म्हणजे बहुतांश वेळ रुग्णालयाच्या दाराबाहेर गेला. त्याच नोंदीत ३० दिवसांतलं मृत्यूचं प्रमाण गरीब रुग्णांत ८.२ टक्के आणि श्रीमंतांत ५.५ टक्के होतं. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात घेतल्यावर ही तफावत उरली नाही. म्हणजे गरिबाचं हृदय वेगळं नव्हतं, त्याला मिळालेले उपचार वेगळे होते. ग्रेसमध्ये खिशाचा रकाना नाही.

स्टेमीत वाहिनी उघडायचे दोन मार्ग. एक अँजिओप्लास्टी. ती वेळेत झाली तर सर्वांत उत्तम. दुसरा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेज. हे दुसरं आपल्या पुण्यातही तयार होतं. नियम असा, की ईसीजीत स्टेमी दिसल्यापासून वाहिनीत तार जाईपर्यंत १२० मिनिटांच्या आत काम होणार असेल तर अँजिओप्लास्टीला न्या. होणार नसेल तर निदानापासून १० मिनिटांत इंजेक्शन द्या, आणि मग हलवा.

लोक १२० मिनिटं म्हणजे प्रवासाची वेळ समजतात. तसं नाही. समजा, नाक्याजवळच्या दवाखान्यात ईसीजी निघाला. रुग्णवाहिका यायला २५ मिनिटं. चढवायला, कागद करायला १०. रस्ता मोकळा धरून ५०. तिथल्या कॅज्युअल्टीत पुन्हा ईसीजी, पुन्हा केसपेपर, १५. रात्र आहे, कॅथलॅबची माणसं घरून येणार, ३०. झाली १३०, आणि आपण घाटात कंटेनर बंद पडलेला धरलेलाच नाही. आता हाच हिशेब दुसऱ्या तऱ्हेने. ईसीजीचा फोटो निघाल्या निघाल्या पुढच्या हॉस्पिटलला गेला, टीम वाटेवर असतानाच आली, ३० वाचली. कॅज्युअल्टीत न थांबता पेशंट थेट आत गेला, आणखी १५. राहिली ८५. डॉक्टर तेच, रस्ता तोच. एका फोनने ४५ मिनिटं कमी झाली.

२०२३ मध्ये खाडीवरचा नवा पूल सुरू झाला तेव्हा इथल्या लोकांनी सुस्कारा टाकला, आम्हीही. पण न्हावाशेव्याहून गुजरातकडे जाणारी जड वाहनं अजून घोडबंदरनेच येतात, आणि गायमुख घाटात दुरुस्ती निघाली की काय होतं ते तुम्ही आम्हाला सांगावं. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. रस्ता तुंबलेला असेल आणि इंजेक्शन द्यायला अडचण नसेल, म्हणजे पूर्वी मेंदूत रक्तस्राव, अलीकडचा पक्षाघात वगैरे काही नसेल, तर ‘मोठ्या’ हॉस्पिटलच्या ओढीने तास घालवण्यापेक्षा जवळच्या ठिकाणी इंजेक्शन घेऊन निघणं शहाणपणाचं. पहिल्या दोन-तीन तासांत ते फार चांगलं काम करतं. ७५ च्या पुढच्यांना टेनेक्टेप्लेजचा अर्धा डोस देतात, कारण मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. इंजेक्शन झालं म्हणजे घरी जायचं नाही, अँजिओग्राफीची सोय असलेल्या ठिकाणी लगेच निघायचं. तासा-दीड तासाने ईसीजीतला उचललेला भाग निम्म्याने खाली आला नाही, तर तातडीची अँजिओप्लास्टी लागते. तमिळनाडूत लहान रुग्णालयं अशीच मोठ्यांना जोडून बघितली. २,४२० रुग्ण होते, वर्षभरातल्या मृत्यूचं प्रमाण १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आलं. वाहिनी तीच, गुठळी तीच, बदलली ती व्यवस्था.

(यानंतर श्रोत्यांचे प्रश्न झाले. त्यांतले दोन इथे दिले आहेत.)

प्रश्न आला की घरात सॉर्बिट्रेट ठेवतो, छातीत दुखलं की जिभेखाली द्यायची का? सरसकट नाही. आमच्या आजी आठवा, बीपी ९८. त्यांना ती दिली तर बीपी आणखी कोसळेल. वरचं बीपी ९० च्या खाली असेल, चक्कर येत असेल, किंवा गेल्या एक-दोन दिवसांत सिल्डेनाफिल-टाडालाफिलच्या जातीची गोळी घेतली असेल तर अजिबात नको. शेवटची गोष्ट पुरुष सांगत नाहीत, बायकोसमोर तर नाहीच, म्हणून आम्ही एकटं गाठून विचारतो. अ‍ॅस्पिरिनचं वेगळं आहे. अ‍ॅलर्जी नसेल आणि कुठून रक्त जात नसेल, तर साधी ३०० ते ३२५ मिलिग्रॅम चावून घेतात, तीही फोनवर डॉक्टरांना किंवा १०८ वाल्यांना विचारून. आणि ओवा-सोडा घेऊन ढेकर आला, बरं वाटलं, म्हणजे गॅसच होता असं होत नाही. तो पहाटे चारचा पेशंट आम्ही सांगितलाच.

दुसरा प्रश्न, रिक्षाने न्यावं की रुग्णवाहिकेची वाट बघावी? १०८ ची सेवा राज्यात २०१४ पासून आहे. सुरुवात ९३७ गाड्यांनी झाली, त्यांतल्या २३३ प्रगत सोयीच्या होत्या. आधी तिथे फोन करा आणि गाडी किती मिनिटांत येईल ते विचारा. वाटेत हृदय बंद पडलं तर शॉक द्यायचं यंत्र असलेली गाडी आणि रिक्षा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गाडी लवकर येत नसेल तर मिळेल त्या चारचाकीने, पण जवळच्या ईसीजी निघेल अशा ठिकाणी आधी. पेशंटने स्वतः गाडी चालवायची नाही, आणि बाईकवर दोघांच्या मध्ये बसवून तर नाहीच नाही. निघताना पुढच्या हॉस्पिटलला दोन गोष्टी विचारा, कॅथलॅब आत्ता, या वेळेला चालू आहे का आणि महात्मा फुले योजना तिथे चालते का. ईसीजीचा कागद फाइलमध्ये नको, हातात ठेवा. आणि ज्यांचा आधीचा ईसीजी घरात पडलाय त्यांनी आज रात्रीच त्याचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. तुमच्याही आणि शेजारच्याच्याही. ऐन वेळी कुलूपबंद कपाटाची किल्ली कोणाला सापडत नाही.